व्हॅक्यूमचा संडास पाणी वाचवतो, पण सहा महिन्यांत खत देत नाही

वऱ्हाडातल्या गावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "घरी व्हॅक्यूम फ्लशचा संडास बसवा. पाणी लागत नाही, वीज नगण्य, उपसा कधीच नाही, सहा महिन्यांत मैल्याचं खत वावरात टाका." यातला शेवटचा दावा लेकरांना आजारी पाडणारा आहे, म्हणून हे लिहितोय.

पाणी लागत नाही? कमी लागतं. पंप नळीतली हवा ओढून ठेवतो. बटण दाबलं की झडप उघडते आणि बाहेरच्या हवेचा दाब मैला नळीत ढकलतो. म्हणून दोन इंची नळी पुरते, ढाळ नसला तरी चालतं आणि एका वेळी अर्धा ते एक लिटर पाण्यात काम होतं. टाकीच्या फ्लशला सहा ते दहा लिटर जातात, तिथे ही मोठी बचत आहे. पण आपल्याकडे बहुतेक घरी खोल उताराचं ग्रामीण भांडं असतं आणि त्याला दीड-दोन लिटर पुरतात. म्हणजे वाचलं ते लिटरभरच.

वीज थोडी लागते हे खरं. मात्र लाईन गेली की पंप बंद. पावसाळ्यात रात्र-रात्र लाईन नसते, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्चही धरा.

आता खत. मैला कुजून खत व्हायला हवा, कोरडा काडीकचरा आणि वेळ लागतो. शेणखत मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, तेवढीच ओल मैला साठणाऱ्या या टाकीतही हवी. हे संडास कागद वापरणाऱ्या देशांत रुळले. आपण पाण्यानं धुतो. पाच माणसांचं घर धरा: फ्लशचं पाणी, लघवी आणि धुण्याचं पाणी मिळून दिवसाला वीस-पंचवीस लिटर सहज होतं. एवढ्या पाण्यात हवा शिरत नाही. मैला कुजण्याऐवजी सडतो आणि घाण वास सुटतो. सोयाबीनचं कुटार कितीही टाका, ते पाणी खालून काढावंच लागतं. काढून सोडणार कुठे? पुन्हा शोषखड्ड्यातच.

जंतांची अंडी तर फारच चिवट. ती लवकर मारायला पन्नास-पंचावन्न अंशांची उष्णता टिकावी लागते आणि घरच्या टाकीत ती सहसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्यासारख्या उष्ण भागात नवा मैला न टाकता वर्षाहून जास्त साठवण हवी. रोज भर पडणाऱ्या टाकीतलं सहा महिन्यांचं "खत" सांभार-पालकाच्या वाफ्यात टाकू नका.

उपसा कुठल्याच संडासाला चुकत नाही. फरक इतकाच की दोन खड्ड्यांच्या साध्या संडासात तो सोपा होतो. एक खड्डा साधारण तीन वर्षांत भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. मग निघते ती कोरडी, बिनवासाची माती. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळू किंवा गिट्टी भरा आणि विहिरीपासून लांब खणा.

खाली खडक असेल, खणणं शक्यच नसेल, तर व्हॅक्यूमचा विचार जरूर करा. पण पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विचारा: टाकीतलं पाणी कुठे जाणार, लाईन गेल्यावर काय, आणि झडपेचं रबर गेलं तर तालुक्यात कोण बदलून देणार?