‘फरफटत नेलंत’ या शब्दाला उत्तर

नमस्कार,

श्रीलंकेच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, ‘एक हितचिंतक’ एवढीच सही आहे, म्हणून नुसतंच नमस्कार. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. सहासष्ट वर्षांच्या आईच्या पाठीवर सॅक देऊन तिला एकोणीस दिवस लाल बसमधून आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून फिरवणं हा बेजबाबदारपणा आहे, असं तुमचं म्हणणं. तिचे पाय सुजलेले असताना सिगिरियाचा खडक चढायला नेलं, होस्टेलमध्ये झोपवलं, उष्ण देश, डेंग्यू, जळवा, खर्चाचे आकडे अपुरे, एका पुलाची जागा चुकलेली, माझ्या नवऱ्याचं यावर काय म्हणणं होतं, आणि शेवटी हे वाक्य: “स्वतःच्या हौसेपोटी तुम्ही आईला फरफटत नेलंत आणि वर त्याचं कौतुक लिहिलंत.”

बाकी सगळं मी दहा मिनिटांत विसरले असते. या वाक्यावर दोन दिवस अडकले आहे.

टीका मला नवी नाही. नऊ वर्षं लिहिते आहे. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कासला येऊ नका असं लिहिलं, तेव्हा आमच्या साताऱ्यातल्याच लोकांनी मला चांगलं सुनावलं. तिथे टपऱ्या चालवणाऱ्यांचं पोट त्या दोन महिन्यांवर असतं, हे त्यांनी समजावून सांगितलं आणि मी लेख बदलला. पण ती माणसं स्वतःच्या नावाने बोलली होती आणि त्यांनी माझ्या घरातल्या माणसाला ओढलं नव्हतं. फरफटत काय नेतात? तुटलेली फांदी नेतात, अडलेलं जनावर नेतात. माझी आई त्यातली नाही.

आणि ती वाचते. हे तुमच्या डोक्यातच आलं नसावं. माझा प्रत्येक लेख आणि खालची प्रत्येक प्रतिक्रिया ती चष्मा लावून, मोबाइल हातभर लांब धरून, अक्षर मोठं करून वाचते. तुमची तिने माझ्याआधी वाचली. काल सकाळी भाकरी थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला तिथं माझा जाच झाला का गं?” परातीतला हात थांबला नव्हता. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. तुमच्या काळजीचं फळ हे असं आमच्या स्वयंपाकघरात आलं.

हौस कोणाची होती, ते आता सांगते. आईचं माहेर लोणंदजवळ. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती तिच्या माहेरच्या वाटेने. लग्नाआधी ती पालखी फक्त बघायची. माझी आणि भावाची शिक्षणं झाल्यावर तिने लोणंदला वारीत सामील व्हायला सुरुवात केली आणि सात वर्षं तिथून पंढरपूरपर्यंत पायी गेली. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तिथे पावसात तासन् तास उभी राहिली आहे. खांद्याला पडशी, डोक्यावर बोचकं, रात्री शाळेच्या व्हरांड्यात किंवा तंबूत दाटीने झोप, पहाटे टँकरच्या पाण्याने अंघोळ. त्या सात वर्षांत एकही हितचिंतक आमच्या दारात आला नाही. उलट बायका तिच्या पाया पडायच्या. तेच शरीर, तेच गुडघे. पडशीची सॅक झाली आणि पंढरपूरच्या जागी परदेश आला, एवढ्यावरून मी बेजबाबदार ठरले.

लंका हा शब्द तिने गावच्या सप्ताहात लहानपणापासून ऐकलेला. वडील गेल्यावर वर्षभर ती फारशी बाहेर पडली नाही. मग एका संध्याकाळी टीव्हीवर काहीतरी चालू होतं आणि ती म्हणाली, “ही लंका आहे तरी केवढी? बघायचीय मला.” मी केरळ सुचवलं होतं, जवळचं आणि सोपं म्हणून. तिने ऐकलं नाही. सॅकचंही तेच. मी चाकांची बॅग घेणार होते. ती म्हणाली, चाकं पायऱ्यांवर काय कामाची? दोन महिने ती सॅकमध्ये पाच किलो ज्वारी भरून रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढत होती. कंबरेचा पट्टा निऱ्यांवर घसरतो, म्हणून राजवाड्याजवळच्या एका बॅगवाल्याकडे बसून तिने त्याला आतून जुन्या लुगड्याची चौपदरी घडी शिवून घेतली. निघण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी काढला, रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या घेतल्या. हे सगळं लेखात लिहिलं नव्हतं, कारण आईला घेऊन जाण्याची परवानगी वाचकांकडून काढावी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

आता सिगिरिया. अनुराधपुरहून सिगिरियाजवळच्या दांबुल्लाला येताना बस भरलेली होती आणि आई तासभर उभी होती, हे खरं. रात्री घोटे सुजले, हेही मीच लिहिलं होतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत पाय घालून ती बसली. सकाळी सूज बरीच उतरली होती. पूर्ण नाही, बरीच. मी म्हटलं, उद्या जाऊ. तिने बूट घालायला घेतले होते. सिगिरियाचा खडक आजूबाजूच्या सपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंच, पायऱ्या सुमारे १,२००. पाचव्या शतकात कश्यप राजाने वर राजवाडा बांधला. अर्ध्याच्या वर गेल्यावर एक मोकळी जागा लागते, तिथे सिंहाचे दोन प्रचंड दगडी पंजे आहेत आणि पुढे लोखंडी जिना. तिथे आई थांबली. “वर राजवाडाच हाय ना? पडकाच ना? मग तू बघून ये, मी हितं बसते.” मी परत आले तेव्हा ती एका सिंहली बाईशेजारी बसून बोटं मोजत होती. हय, हत, अट, नमय, दहय. सहा, सात, आठ, नऊ, दहा. आठ आणि दहा त्यांचे आपल्यासारखेच आहेत, याचा तिला एवढा आनंद झाला होता की उतरताना प्रत्येक दहाव्या पायरीला ती ‘दहय’ म्हणत होती. फरफटत नेलेलं माणूस मध्येच थांबायचं स्वतः ठरवत नाही.

काही झालं असतं तर, असं तुम्ही विचारता. श्रीलंकेत १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका येते. २०१६ मध्ये ती सेवा भारताच्या मदतीने सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तो क्रमांक आईच्या सॅकच्या वरच्या खिशात पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. प्रवासाचा विमा होता. आणि काही व्हायचं तर ते साताऱ्यात पोवई नाक्यावर रस्ता ओलांडतानाही होतं.

टूर कंपनीबरोबर पाठवायला हवं होतं, असंही एक वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत आहे. पाठवलं होतं. पाच वर्षांपूर्वी, काशीला, एका यात्रा कंपनीबरोबर, बारा दिवस. गंगेच्या घाटावर तिला वीस मिनिटं मिळाली. मागे राहिली म्हणून व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर आवाज चढवला. घरी आल्यावर तीन दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. नुवारा एलियाजवळच्या सीता एलियाला, म्हणजे सीतेच्या देवळापाशी, मात्र ती ओढ्याकाठी दीड तास बसून राहिली आणि कोणी शिट्टी वाजवली नाही. एल्लाला आमच्या घरमालकिणीच्या खवणीवर तिने स्वतः नारळ खवला, इंदी आप्पा, म्हणजे तिथल्या तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, बघून “ह्या तर कोकणातल्या शिरवळ्या” म्हणाली आणि त्या बाईंना मसाल्याच्या डब्यातलं आपलं काळं तिखट देऊन आली. कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत हे बसवणार होता तुम्ही?

तुम्ही तुमच्या आईला शेवटचं कुठे नेलंत? हे मी विचारायला नको होतं, कळतं मला. तरी लिहिलेलं खोडत नाही.

पुलाबद्दल तुमचं बरोबर आहे. कँडीहून येताना नऊ कमानींचा पूल एल्लाच्या आधी लागतो असं मी लिहिलं होतं. तो एल्ला आणि देमोदरा यांच्या मध्ये आहे, म्हणजे कँडीहून येऊन एल्लाला उतरणारा माणूस त्यावरून जातच नाही. १९२१ चा तो पूल आम्ही दुसऱ्या दिवशी चालत जाऊन पाहिला आणि लिहिताना क्रम उलटा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

बाकी मुद्दे: होस्टेल एकच रात्र होतं, कँडीत, आणि आईला खालचा पलंग होता. जळवा सिंहराजाच्या जंगलात, आम्ही तिकडे गेलो नाही. डेंग्यू साताऱ्यातही होतो. खर्चाचे आकडे पुढच्या भागात येतील. माझ्या नवऱ्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पण ‘फरफटत’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, आणि तो मला उद्देशून नाही, आईला उद्देशून मागे घ्यावा. ती रोज रात्री जेवण झाल्यावर साडेनऊच्या सुमारास वाचायला बसते.