डार्टची शिट्टी आणि खिडकीची जागा

जुन्या प्रवासी विमानांवरच्या एका लेखात व्हायकाउंट या विमानाच्या आवाजाला नुसती 'घरघर' म्हटलंय, ते पटलं नाही. घरघर पिस्टन इंजिनांची. व्हायकाउंटला होतं रोल्स-रॉइस डार्ट हे टर्बोप्रॉप, म्हणजे गॅस टर्बाइनने पंखा फिरवणारं इंजिन. त्याची ओळख म्हणजे कानात घुसणारी तीक्ष्ण शिट्टी! आत दोन टप्प्यांचा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर (हवा बाहेरच्या बाजूला फेकून दाबणारं चाक) मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घ्यायचा. गिअरबॉक्स तो वेग दहापटीहून जास्त उतरवून पंख्याला (प्रॉपेलरला) द्यायची. उन्हाळ्यात हवा विरळ झाली की ताकद घटायची, म्हणून उड्डाणावेळी पाणी-मिथेनॉलचा फवारा. उतरल्यावर पंख्याची पाती जवळजवळ सपाट झाली की तीच ब्रेकचं काम करायची, पण हवेत तसं झालं तर घात, म्हणून हवेत पाती त्या कोनात जाऊ नयेत यासाठी अटकाव असे.

डार्टवरच चालणाऱ्या फोकर एफ-२७ विमानाचे पंख खिडक्यांच्या वर, त्यामुळे खालचं सगळं दिसायचं. फक्त पंख्याच्या रेषेतली रांग टाळायची, तिथे हादरे सर्वाधिक.