बिलातली एक ओळ

आज टाइमशेअरचं, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचा जो हक्क मी विकत घेतलाय त्याचं, वार्षिक मेंटेनन्सचं बिल आलं. पुन्हा वाढलेलं. एरवी मी शेवटचा आकडा बघते आणि भरून टाकते, आज तपशील वाचला. छपराची दुरुस्ती, गाद्या, लिफ्ट, आणि सगळ्यात खाली 'थकीत वर्गणीसाठी तरतूद'. म्हणजे ज्यांनी भरलं नाही त्यांचं आपण भरायचं. वेळेवर भरतो हा आपला गुन्हा?

तासाभरात फोन. "मॅडम, तुमचा आठवडा घ्यायला पार्टी तयार आहे, फक्त ट्रान्सफरचे पैसे आधी भरा." माझं नाव, रिसॉर्ट, आठवड्याचा नंबर, सगळं त्याला तोंडपाठ. नको नको ते बोलले त्याला मी. फोन ठेवल्यावरही हात थरथरत होता, कारण असाच फोन माझ्या आत्याला आला होता.

आत्या आणि मी एकाच रिसॉर्टच्या सभासद. तिच्या आग्रहानेच मी घेतलं. आतोबा गेल्यावर तिचं फिरणं संपलं, बिल येणं संपलं नाही. तेवढ्यात या लोकांनी तिला गाठलं. "यातून सोडवतो. मेंटेनन्स भरणं बंद करा, रिसॉर्टचे फोन उचलू नका, पुढचं आमचे वकील बघतील." चार वर्षांच्या मेंटेनन्सएवढी रक्कम तिने आगाऊ दिली. आठ महिने 'केस चालू आहे' ऐकलं, मग नंबर बंद. कुठलाही वकील रिसॉर्टशी एका शब्दाने बोललेला नव्हता. इकडे थकबाकीवर व्याज चढत होतं. अशा वेळी रिसॉर्टने थकबाकीपोटी हक्क काढून घेतला, तर हेच लोक 'बघा, सोडवलं की नाही' म्हणून त्याचं श्रेय घेतात! आणि बुडालेलं मेंटेनन्स उरलेल्या सभासदांवर पडतं. छप्पर गळायचं थांबत नाही ना, कोणीतरी पैसे द्यायलाच लागतात.

हो, रिसॉर्टवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. तीन-तीन तास बसवून सही घेतात आणि बाहेर पडायची वाट कुणाला दाखवत नाहीत. मान्य. पण म्हणून म्हाताऱ्या माणसांना लुटायचं?

आणि हे सुटे भामटे आहेत असं समजू नका. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या नावाखाली २०१९ ते २०२३ या काळात सुमारे सहा हजार अमेरिकनांनी जवळजवळ ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी एफबीआयकडे आहेत. तिथे ड्रग्जच्या टोळ्या कॉल सेंटर चालवतात. एकदा फसलेल्याला पुन्हा फोन जातो, 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणून. आत्यालाही गेला. युरोपीय संघाने २००८ सालीच नियम केला की टाइमशेअर विकून देणाऱ्याने विक्री पूर्ण होईपर्यंत एक पैसाही घ्यायचा नाही. एवढा साधा नियम सगळीकडे का नसावा?

हे लिहिताना आत्याची निळी फाइल डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रत्येक पावती तारखेप्रमाणे लावलेली, वर तिच्या बारीक अक्षरात 'वकील – पहिला हप्ता', 'वकील – दुसरा हप्ता'. वर्षभर तिने कुणाला कळू दिलं नाही. मला दाखवली तेव्हा पहिलं वाक्य, "मुलांना सांगू नकोस गं." जिने आयुष्यभर कुणाचं उसनं ठेवलं नाही, ती थकबाकीदारांच्या यादीत. सकाळी त्या ओळीकडे बघून ज्यांना शिव्या घातल्या, त्यांत माझी आत्या आहे हे मला दुपारी सुचलं.

मग मीच रिसॉर्टला फोन लावला. त्यांच्याकडे आठवडा परत करायची सोय आहे. साधा अर्ज आहे, फी नाही, फक्त मागची बाकी शून्य हवी. आत्याने हे कधी विचारलंच नव्हतं, कारण रिसॉर्टशी बोलायचं नाही असं तिला बजावलं होतं. पहिला हप्ता दिला तेव्हा तिची बाकी शून्यच होती.

शनिवारी जातेय तिच्याकडे. फाइल काढून बसू, आणि मुलांना फोन तिच्यासमोरच लावू. तुमच्या घरात कुणाचा टाइमशेअर असेल तर आज रात्री त्यांना एवढंच विचारा, "असा फोन आला होता का?" रागावू नका, फक्त विचारा.