कावळा १९८५ ला उडाला, फांदी १९९६ ला मोडली

एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने पद सोडल्याची बातमी आली की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. ॲपलने १९८५ मध्ये स्टीव्ह जॉब्सला हाकललं आणि कंपनी बुडाली. १९९७ मध्ये तो परतला आणि एकट्याने ती वर काढली. २०११ मध्ये तो गेला, आणि तेव्हापासून तिथे एक दिवाणजी बसून जुन्याच मालावर नफा मोजतोय, नवं काही निघालेलं नाही. शेवटी निष्कर्ष: द्रष्टा गेला की कंपनी संपते, थोडा वेळ लागतो इतकंच. खाली हात जोडलेले आणि 'कटू सत्य'.

यातली एकही तारीख चुकलेली नाही. तारखांच्या मधलं मात्र सगळं गाळलेलं आहे.

'हाकललं आणि कंपनी बुडाली'

हाकललं, हे जवळजवळ खरं. ज्या जॉन स्कलीला जॉब्सनेच १९८३ मध्ये गळ घालून पेप्सीतून आणलं होतं, त्याच स्कलीच्या, म्हणजे ॲपलच्या मुख्याधिकाऱ्याच्या, बाजूने संचालक मंडळ उभं राहिलं आणि मे १९८५ मध्ये मॅकिंटॉश विभाग जॉब्सच्या हातून गेला. अध्यक्षपद राहिलं ते नावापुरतं. सप्टेंबरमध्ये त्याने राजीनामा दिला, पाच माणसं सोबत नेली आणि नेक्स्ट ही संगणक कंपनी काढली. ॲपलने त्याच्यावर खटला भरला, तो पुढे आपसात मिटला. त्याने एक शेअर ठेवून बाकीचे सगळे विकून टाकले. घरातलं भांडण असंच असतं.

पण बुडण्याचं काय? कंपनीला खरा दणका बसला तो त्याच उन्हाळ्यात, जॉब्स अजून कंपनीत असताना. सहापैकी तीन कारखाने बंद झाले, सुमारे १२०० लोकांना घरी पाठवलं, आणि ॲपलच्या इतिहासातली पहिली तोट्याची तिमाही आली. मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये २४९५ डॉलरला आला होता. पहिले काही महिने कौतुक झालं, मग विक्री आटली. मेमरी १२८ किलोबाइट, हार्ड डिस्क नाही, वरून कार्ड घालायला जागाही नाही. हे शेवटचं तर जॉब्सचा हट्टच होता: यंत्र जसं दिलं तसं वापरायचं, उघडायचं नाही. गल्ला भरत होतं ते जुनं ॲपल टू, म्हणजे मुख्यतः सहसंस्थापक वॉझ्नियाकच्या डोक्यातून उतरलेलं यंत्र.

तो गेल्यावर काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाही. जानेवारी १९८६ मध्ये मॅक प्लस आला, भरपूर मेमरी घेऊन. १९८७ मध्ये मॅक टू आला, रंगीत पडद्याचा आणि कार्ड घालायला सहा जागा असलेला, म्हणजे जॉब्सने जो होऊ दिला नसता नेमका तोच मॅक. ॲपलचा लेझररायटर प्रिंटर, प्रिंटरला पान कसं छापायचं ते सांगणारी ॲडोबीची भाषा पोस्टस्क्रिप्ट आणि पानं मांडायचं ऑल्डसचं सॉफ्टवेअर पेजमेकर या तिघांनी मिळून मॅकला एक हक्काचं गिऱ्हाईक मिळवून दिलं: छपाईवाले. लेझररायटर आणि ॲडोबीच्या मागे जॉब्स स्वतः उभा होता, त्याचं श्रेय त्यालाच. पीक मात्र तो गेल्यावर हाती आलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर 'डीटीपी, लग्नपत्रिका, बायोडेटा' अशी जी पाटी लागायची, तिच्यातल्या डीटीपीचं, म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंगचं, मूळ हे. आपल्या माणसांनी पेजमेकर चालवलं ते पीसीवर, पण ते आधी आलं मॅकवर, १९८५ मध्ये.

मग १९९१ चं पॉवरबुक. त्याआधी लॅपटॉपची कळफलकपट्टी पुढच्या कडेला टेकवलेली असायची. पॉवरबुकने ती मागे सरकवली, पुढे मनगट टेकायला जागा केली आणि मधोमध ट्रॅकबॉल बसवला. हा मजकूर तुम्ही लॅपटॉपवर वाचत असाल तर खाली बघा. मांडणी तीच आहे. द्रष्टा नसलेल्या कंपनीची.

उलाढालही बोलते. १९८५ मध्ये १.९ अब्ज डॉलर, १९९३ मध्ये जवळपास ८ अब्ज, १९९५ मध्ये ११ अब्ज. कोसळणं त्यानंतरचं: १९९६ मध्ये ८१.६ कोटी डॉलर तोटा, १९९७ मध्ये १ अब्जाहून जास्त. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आपण समजू शकतो. इथे कावळा उडून गेल्यावर अकरा वर्षांनी फांदी मोडली, तरी दोष कावळ्याच्या जाण्याला!

फांदी का मोडली ते लपलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ॲपल प्रत्येक यंत्रामागे पन्नास टक्क्यांहून अधिक ढोबळ नफा घेत होती आणि स्वस्त मॅक काढायला नाखूश होती. तेवढ्यात १९९० मध्ये विंडोज ३.० आलं, १९९५ मध्ये विंडोज ९५, आणि 'चालेल की' म्हणण्याइतका पीसी निम्म्या किमतीत मिळू लागला. त्यावर ॲपलने केलेला उपाय आजारापेक्षा वाईट होता. परफॉर्मा नावाखाली इतकी मॉडेलं काढली की दुकानदारालाही फरक सांगता येईना. कोपलंड ही नवी ऑपरेटिंग सिस्टम वर्षानुवर्षं रखडवून १९९६ मध्ये गुंडाळली. दुसऱ्या कंपन्यांना मॅकच्या नकला बनवायचा परवाना दिला आणि त्यांनी आपलंच गिऱ्हाईक पळवलं. हे स्कली, स्पिंडलर आणि अमेलिओ या एकामागून एक आलेल्या प्रमुखांचे निर्णय होते आणि ते वाईट होते. वाईट निर्णय आणि द्रष्ट्याची अनुपस्थिती या एकच गोष्टी नव्हेत.

यावर उत्तर ठरलेलं असतं: जॉब्स असता तर त्याने हे केलं नसतं. त्याच वर्षांत तो काय करत होता ते मग बघूया. १९८८ मध्ये नेक्स्टने ६५०० डॉलरचा देखणा काळा चौकोनी संगणक काढला. अडवायला कुणी स्कली नव्हता. अमेरिकी उद्योगपती रॉस पेरोचे पैसे होते, कॅननचे होते. एकूण ५० हजारांच्या आसपास यंत्रं विकली गेली आणि १९९३ मध्ये यंत्रं बनवणंच थांबवलं. सॉफ्टवेअर मात्र अस्सल होतं. टिम बर्नर्स-ली याने १९९० मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टवरच. पण महागड्या यंत्रावर अडून बसण्याची जी खोड ॲपलला भोवली, तीच जॉब्सलाही भोवत होती, जवळच्याच दुसऱ्या शहरात.

'एकट्याने वर काढली'

नेक्स्ट विकत घ्यायचा निर्णय डिसेंबर १९९६ मधला आणि तो गिल अमेलिओचा. ज्याची सगळे चेष्टा करतात तोच हा अमेलिओ. त्याच वर्षी वित्तप्रमुख फ्रेड अँडरसन याने रोख्यांतून ६६.१ कोटी डॉलर उभे केले. ते नसते तर जॉब्सला परतायला कंपनीच उरली असती का, ही शंका रास्त आहे. आयमॅक घडवणारा जॉनी आइव्ह १९९२ पासून तिथेच होता, फक्त त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. स्कलीच्या काळात, १९९० मध्ये, ॲपलने एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर मिळून एक छोटी चिप कंपनी काढली होती, एआरएम. तिचे शेअर विकून आलेल्या पैशाने जॉब्सच्या पहिल्या काही वर्षांत ताळेबंदाला टेकू दिला. आज प्रत्येक आयफोनमधली चिप ज्या आराखड्याच्या घराण्यातली आहे, तो एआरएमचाच.

जॉब्सचं श्रेय यातून कमी होत नाही. त्याने जे केलं ते आधीच्या तिघांना जमलं नव्हतं: नाही म्हणणं. नकलांचे परवाने बंद, न्यूटन हा हातात मावणारा संगणक बंद, डझनावारी मॉडेलं बंद. फळ्यावर चार चौकोन काढले, घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचं आणि हातातलं, आणि प्रत्येकात एकच यंत्र. शंभर माणसांच्या मेहनतीवर पाणी सोडायला जी छाती लागते ती संस्थापकाकडे असते, पगारी माणसाकडे क्वचित. फॉरवर्डमधला हा अंश मला पूर्ण मान्य आहे.

आणि हो, मार्च १९९८ मध्ये कॉम्पॅकमधून एक माणूस आला. तोच तो दिवाणजी. टिम कुक आला तेव्हा ॲपलकडे गोदामांतून माल पडून होता. १९९७ च्या वर्षअखेरीस ४३.७ कोटी डॉलरचा साठा होता, वर्षभरात तो ७.८ कोटींवर आला. कुक म्हणायचा, हा धंदा दुधासारखा चालवायला हवा, तारीख उलटली की माल वाया. ज्याच्या घरी डेअरी आहे त्याला हे समजावावं लागणार नाही. पडून असलेल्या संगणकाची किंमत दर आठवड्याला उतरते. तो अडकलेला पैसा मोकळा झाला म्हणून नव्या कल्पनांवर लावायला हाती पैसा राहिला.

'२०११ नंतर नवं काहीच नाही'

घड्याळ एप्रिल २०१५ मध्ये विक्रीला आलं, एअरपॉड्स डिसेंबर २०१६ मध्ये. आल्या आल्या दोन्हींची टर उडवली गेली, आज लोकलच्या डब्यात नुसती नजर फिरवा. पण मला यांपेक्षा मोठी वाटते ती नोव्हेंबर २०२० मधली एम १ चिप. इंटेलला सोडून मॅकमध्ये स्वतःची चिप, आणि पंखा नसलेल्या मॅकबुक एअरची बॅटरी दिवसभर. या गोष्टीचा उगम २००८ मध्ये आहे. जॉब्स असताना पी. ए. सेमी ही चिपवाली कंपनी २७.८ कोटी डॉलरला घेतली. २०१० मध्ये ए ४ ही चिप आली. मग तो गेला, आणि काम चालूच राहिलं, आणखी दहा वर्षं, दरवर्षी एक पाऊल. लावणारा गेला तरी पाणी घालणारे होते.

१९८५ आणि २०११ यांतला फरक मला इथे दिसतो. पहिल्या वेळी जॉब्सने मागे एक भांडण आणि न खपणारं यंत्र सोडलं. दुसऱ्या वेळी सोडला तो चिप बनवणारा चमू, दुकानांची साखळी, पुरवठ्याची घट्ट विणलेली जाळी, आणि २००४, २००९ व २०११ अशा तीन आजारपणांत गादी सांभाळून दाखवलेला वारसदार. माणूस तोच, जाणंही तेच. मागे काय ठेवलं ते वेगळं.

आकड्यांनी द्रष्टेपण मोजता येत नाही, तरी 'कंपनी संपली' म्हणणाऱ्याने आकडे बघायला हवेत. उलाढाल २०११ मध्ये १०८ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये ३९१ अब्ज. संशोधनावरचा खर्च २.४ अब्जांवरून ३१ अब्जांवर गेला.

चुका झाल्या. २०१२ चे नकाशे इतके फसले की कुकला जाहीर माफी मागावी लागली. २०१५ चा बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणाने अडायचा आणि तरी चार वर्षं रेटला. एअरपॉवर ही चार्जिंगची चटई २०१७ मध्ये जाहीर केली आणि २०१९ मध्ये रद्द केली. मोटारीवर दशकभर पैसा ओतून २०२४ मध्ये हात झटकले. सिरीबद्दल तर न बोललेलंच बरं. पण लिसा, ॲपल थ्री, जी ४ क्यूब, मोबाइलमी ही जॉब्सच्या काळातल्या फसलेल्या मालाची यादी फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आठवत नाही. गेलेल्या माणसाचे षटकार लक्षात राहतात, शून्यं नाहीत.

'द्रष्टा गेला की कंपनी संपते'

नियम म्हटला की तो दुसरीकडेही लागू व्हायला हवा. सोनीच्या अकिओ मोरिता यांना नोव्हेंबर १९९३ मध्ये पक्षाघात झाला, त्यांनी पद सोडलं, आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आलं. टीसीएसची धुरा १९९६ मध्ये फकीरचंद कोहलींकडून रामदोराईंकडे गेली आणि मुंबईतली ती कंपनी मोठी झाली ती मुख्यतः त्यानंतर. इन्फोसिस, जिची सुरुवात १९८१ मध्ये पुण्यात झाली, दोन्ही बाजूंची साक्ष देते. २००२ मध्ये मूर्तींकडून निलेकणींकडे सूत्रं गेली तेव्हा काही अडलं नाही. २०१७ मध्ये मात्र संस्थापक आणि संचालक मंडळ यांचा वाद चव्हाट्यावर आला आणि मुख्याधिकारी विशाल सिक्का गेले. तिथे त्रास संस्थापक गेल्याचा होता की पुरते न गेल्याचा, यावर पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्यासमोर बोलून बघा, संध्याकाळ निघून जाईल.

जॉब्सला स्वतःला ही भीती होती. वॉल्ट डिस्नी गेल्यावर त्याच्या कंपनीतले लोक प्रत्येक गोष्टीत 'वॉल्टने काय केलं असतं' असं विचारत बसले आणि हातपाय हलेनासे झाले, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने कुकला सांगितलं होतं, मी काय केलं असतं हे विचारू नकोस, योग्य वाटेल ते कर. २०१० मध्ये, मोठ्या पडद्याचे फोन बाजारात येऊ लागले तेव्हा, असा फोन कुणी घेणार नाही असं जॉब्स पत्रकारांसमोर म्हणाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये कुकने मोठ्या पडद्याचे दोन आयफोन काढले. पुढच्या आर्थिक वर्षात ॲपलने २३.१ कोटी आयफोन विकले. जॉब्सच्या शेवटच्या वर्षी हा आकडा ७.२ कोटी होता.