दोन सर्व्हर, एक अ‍ॅनोटेशन आणि तुमची शांत झोप

ऑर्डरचं जावा अ‍ॅप एका सर्व्हरवर, पेमेंटचं दुसऱ्यावर, दोघांचे डेटाबेस वेगळे, आणि झालं तर दोन्हीकडे व्हावं नाहीतर कुठेच नको? टेन्शन कशाला घेताय! मेथडच्या डोक्यावर स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं 'ट्रान्झॅक्शनल' अ‍ॅनोटेशन, म्हणजे 'यातलं डेटाबेसचं काम सगळं पक्कं करा नाहीतर सगळं रद्द' अशी खूण, चिकटवा आणि निवांत झोपा. काल रात्री आमच्याकडचे एक सीनियर असेच झोपले, लॉग उपसत जागी मी होते.

चेक्ड एक्सेप्शन (जो हाताळायलाच लावतो कंपायलर, तो एरर) बिनधास्त फेका. स्प्रिंग त्यावर आपणहून रोलबॅक करत नाही, म्हणजे काम रद्द करत नाही, उलट कमिट, म्हणजे पक्कं, करून मोकळं होतं. कशावर रोलबॅक करायचं हे सांगणारं रोलबॅकफॉर वगैरे डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्यांची थेरं.

त्याच क्लासमधली मेथड आतूनच कॉल करा, प्रॉक्सीला, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या स्प्रिंगच्या मधल्या दलालाला, पत्ताही लागत नाही, तिच्यावरचं अ‍ॅनोटेशन वाया.

आता खास टीप. ट्रान्झॅक्शन उघडा, ऑर्डर इन्सर्ट करा आणि कमिटच्या आधी, आतूनच, पेमेंट सर्व्हरला एचटीटीपी कॉल मारा. तो सावकाश उत्तर देईल तोवर तुमचं कनेक्शन अडकून राहील, हिकारीचा (डेटाबेस कनेक्शनं सांभाळणारी लायब्ररी) पूल डिफॉल्टला 10 चा, म्हणजे असे दहा कॉल लटकले की अकरावा 30 सेकंद ताटकळून एक्सेप्शन खाणार, मग बाकीची पानंही बंद, ज्यांचा पेमेंटशी काही संबंधच नाही. एवढ्यात रीड टाइमआउट येतो, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत संपते. टाइमआउट म्हणजे पलीकडे काम झालं नाही असं धरून चाला, कारण आपल्याला कळलं नाही म्हणजे झालंच नाही, हो ना? रीट्राय तीनदा लावा, ये रे माझ्या मागल्या! पलीकडे तीनदा कमिट, इकडे ऑर्डर रोलबॅक, कस्टमरचे पैसे तीनदा कापले आणि ऑर्डर टेबलमध्ये एक ओळ नाही. वर मीटिंगमध्ये म्हणायचं, "पण ट्रान्झॅक्शनल लावलं होतं की!"

कुणी एक्सए (एक कोऑर्डिनेटर दोन्ही डेटाबेसना आधी 'प्रिपेअर', म्हणजे तयार, करतो आणि मग दोन्हीकडे कमिट करवतो) सुचवलं तर लगेच हो म्हणा. पोस्टग्रेसमध्ये प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन डिफॉल्टला बंद का असतात हे विचारू नका. कोऑर्डिनेटर प्रिपेअरनंतर मेला की लॉक तसेच, डेटाबेस रीस्टार्ट केला तरी तसेच, जुन्या ओळींची साफसफाई करणारा व्हॅक्यूमही अडलेला.

अहो, ते ट्रान्झॅक्शन तुमच्या थ्रेडला बांधलेल्या एका कनेक्शनपुरतं असतं! एचटीटीपी रिक्वेस्टच्या पाठीवर बसून ते दुसऱ्या सर्व्हरवर जात नाही, कधीच गेलं नव्हतं. लांबलेलं काम छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये तोडा आणि फसलं तर उलटी पावलं टाका, हे सागा नावाने 1987 मध्येच लिहून झालंय. ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स (पाठवायचे निरोप ठेवायच्या) टेबलात एक ओळ टाका, कमिट होऊ द्या, मग वेगळ्या प्रोसेसने ती पाठवा, ती कधीतरी दोनदा जाणारच, म्हणून पेमेंटवाल्यांनी रिक्वेस्ट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) लावायचा, पुढे काही फसलं तर रिफंडची एंट्री. एवढंच आहे हो! हे सीनियर म्हणवणाऱ्याला मी सांगायचं? आणि तो रीट्राय आधी काढा, आजच्या आज, मला "बघतो" नकोय.