आधी कसा बसलाय ते बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्री पुन्हा तसाच फोटो आला. बाथरूमच्या पांढऱ्या टाइलवर बसलेली एक बारीक करडी माशी आणि खाली लिहिलेलं, "आ पेली चांदीपुरावाळी माखी छे ने?" (ही तीच चांदीपुरावाली माशी ना?) पाच मिनिटांत दहाबारा जणांनी हात जोडले, दोघांनी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर टाकला. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच लिहावं, म्हणजे बडोद्यातल्या आपल्या बाकीच्या घरांपर्यंतही पोचेल.

२०२४ चा जुलै आठवत असेल. गुजरातच्या साबरकांठा, अरवल्ली जिल्ह्यांत लहान मुलं तापाने आणि झटक्यांनी दगावत होती, रोज पेपरात चांदीपुरा विषाणूचं नाव. (नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव.) तो पसरवते सँडफ्लाय, म्हणजे वालुमाशी. बातमीसोबत तिचा मोठा करून छापलेला फोटो असायचा, केसाळ अंग, केसाळ पंख. आणि अगदी तशीच केसाळ माशी ज्याच्या त्याच्या बाथरूममध्ये! लोक घाबरले यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर लेक बाळंतपणाला आलेली होती, बाळ तीन आठवड्यांचं. त्या बाथरूममध्ये दिवसातून तीनदा दार लावून स्प्रे मारत होते आणि तिथेच बाळाला आंघोळ घालत होते. चौथ्या दिवशी बाळ खोकायला लागलं. तेव्हा मला हाक आली, "बेन, तमे जरा जोई आपो ने." मी ३२ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे, ते सगळ्यांना ठाऊक. टॉर्च आणि भिंग घेऊन खाली गेले.

माशी टाइलवर निवांत बसली होती. दोन्ही पंख पाठीवर छपरासारखे उतरते टेकवलेले. वरून पाहिलं तर पत्त्यातल्या बदामाचा आकार. ही मोरीतली माशी. चावत नाही, कुठला रोगही टोचत नाही. बोटाने दाबली तर पतंगासारखी करडी पूड उरते. वालुमाशी बसली तरी पंख खाली टेकवत नाही. ते पाठीवर उभेच असतात, उघड्या चिमट्यासारखे. रंग वाळूचा, लांबी दोनतीन मिलिमीटर, आणि ती उडते म्हणण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत जाते. तिची पैदास गोठ्याच्या आसपास, कच्च्या भिंतींच्या भेगांत, सावलीतल्या ओलसर मातीत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चकाचक टाइल्सवर तिला काय मिळणार? दोघी एकाच कुळातल्या, सख्ख्या चुलतबहिणीच म्हणा, म्हणून फोटोत सारख्या दिसतात.

मोरीची जाळी उचलली. पाइपच्या आतल्या बाजूला बोटभर काळा बुळबुळीत थर होता. या माशीच्या अळ्या त्याच थरात वाढतात. स्प्रेने वरची माशी मरते, थर तसाच राहतो आणि आठवड्याभरात नव्या माश्या तयार. फिनाइलही वरून वाहून जातं. बाटली धुवायचा लांब ब्रश घेऊन तो थर खरवडून काढायचा, एवढंच औषध. खात्री करायची असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवा, सकाळी तिला माश्या चिकटलेल्या दिसल्या की उगम तिथेच आहे. त्या घरातल्या माश्या दहाबारा दिवसांत संपल्या. स्प्रे बंद झाल्यावर बाळाचा खोकलाही थांबला.

मला सांगायचंय ते हे. एकसारख्या दिसणाऱ्या किड्यांत आपण रंग बघतो, आकार बघतो, आणि तिथेच फसतो. तो बसतो कसा, राहतो कुठे, मागे काय टाकून जातो, कुठल्या वेळेला येतो, हे बघितलं तर बहुतेक वेळा भिंगसुद्धा लागत नाही.

डासाचंच घ्या. शेपूट वर करून भिंतीशी तिरका बसलेला दिसला तर अ‍ॅनोफिलीस, मलेरियाचा. अंग भिंतीला समांतर ठेवून बसला, रात्री कानाशी गुणगुणला, तर बहुधा क्युलेक्स, गटाराच्या घाण पाण्यातला. दिवसाढवळ्या टेबलाखाली पायांना चावणारा, काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, डेंग्यूचा, आणि तो आपल्याच घरातल्या कुंडीखालच्या ताटलीत, कूलरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं. ते ओसरल्यावर सगळे रस्त्यावरच्या डबक्यांवर ओरडत होते आणि गच्चीतल्या उघड्या पिंपाकडे कोणी बघत नव्हतं. पालिकेची फॉगिंगची गाडी तुमच्या पिंपात येत नाही हो!

आणि हा फरक काही पोरखेळ नव्हे. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस जवळजवळ दोन वर्षं डासांची पोटं फाडून मलेरियाचा परजीवी शोधत होते, सापडत नव्हता. कारण हाताशी होते ते डास मलेरिया वाहणाऱ्या जातीचेच नव्हते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला त्यांच्या हाती वेगळे, ठिपकेदार पंखांचे डास लागले आणि २० ऑगस्टला त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. १९०२ मध्ये नोबेल मिळालं. डास डासासारखाच दिसतो असं म्हणून भागलं असतं तर हा शोध आणखी किती लांबला असता!

आता लाकडाविषयी, कारण ते माझ्या फार जिव्हारी लागलेलं आहे. माझं आजोळ बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. वाडा लहानसाच, पण माजघरावरची तुळई अस्सल सागवानी, पणजोबांच्या वेळची. काही वर्षांपूर्वी तुळईखाली भुसा पडायला लागला. मामाने एका माणसाला बोलावलं. त्याने मान वर करून एक नजर टाकली आणि म्हणाला, "उधई." म्हणजे वाळवी. मग भिंतीच्या कडेकडेने फरशीला भोकं पाडली, जमिनीत औषध ओतलं, पैसे घेतले आणि गेला. महिनाभर वाड्यात वास. मामीला डोकेदुखी. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुळईखाली पुन्हा भुसा!

मी गेले तेव्हा वर बोटाच्या जाडीचं एक गोल भोक होतं, जणू सुताराने गिरमिटाने पाडलंय. खाली पिवळसर, जाडसर भुसा. थोडा वेळ बसून राहिले तर काळाभोर, निळसर झाक असलेल्या पंखांचा भुंगा घूं घूं करत आला आणि त्या भोकात शिरला. वाळलेलं लाकूड कोरणारा भुंगा कोवळ्या कमळात अडकतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तोच हा. तो लाकूड खात नाही. मादी आत बोगदा करते, पिलांसाठी परागाचे लाडू ठेवते, अंडी घालते. शनिवारी मारुतीला ज्या रुईची माळ घालतो, त्या रुईच्या फुलांचं परागीभवन हेच भुंगे करतात. पिलं बाहेर पडून गेल्यावर भोक लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचं आणि लाकडाला रंग किंवा वॉर्निश द्यायचं, की काम झालं. जमिनीत विष ओतायचं कारणच नव्हतं.

वाळवी कधी असं उघडं गोल भोक ठेवत नाही. तिचं अंग मऊ, उघड्या हवेत सुकून मरते, म्हणून ती जिथे जाते तिथे मातीची नळी बांधत जाते. भिंतीवर मातीची रेघ दिसली तर घाबरा, आणि तेव्हा जमिनीतला उपाय खरंच लागतो. आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी पुष्कळ भोकं असून खाली मैद्यासारखं पीठ पडत असेल, तर तो तिसराच, लाकडातला बारीक भुंगेरा. त्याचा उपाय त्या लाकडालाच करायचा. खाली पडलेली पूड दोन बोटांत चोळून बघायला अर्धा मिनिट लागतो. त्या माणसाने तो दिला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

भुंग्याला गुजरातीत भमरो आणि गांधीलमाशीला भमरी. पण आपल्याकडे बडोद्यात भमरी म्हटलं की त्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशीही आली, आणि मग झाडू घेऊन सगळ्यांची घरटी पाडतात. छज्ज्याखाली देठावर लटकणारं, कागदासारखं, उघड्या खणांचं पोळं आणि त्यावर घोळका असेल तर ती गांधीलमाशी. जवळ गेलं तर डसते, आणि मधमाशीसारखा तिचा काटा तुटून राहत नसल्याने पुन्हा पुन्हा डसू शकते. खिडकीच्या चौकटीत मातीचं घर आणि एकटीच माशी ये-जा करतेय, तर कुंभारीण. ती आपल्या वाटेला जात नाही. त्यातही दोन तऱ्हा. निमुळत्या तोंडाचा सुबक मातीचा घडा असेल तर आत अळ्या, लांबट नळ्यांवर लिंपलेला मातीचा गोळा असेल तर आत कोळी.

आजी कीर्तनात ऐकलेला दृष्टांत सांगायची. भिंगुरटी, म्हणजे हीच कुंभारीण, अळीला आणून मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि ध्यास लागून अळीच भिंगुरटी होते, तसा शिष्य गुरूरूप होतो. मला ती कल्पना अजून गोड वाटते. ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याने खोटं काही पाहिलं नव्हतं, अळी आत जाते आणि माशी बाहेर येते हे खरंच आहे. मधलं दिसलं नव्हतं. कुंभारीण अळीला डंखाने लुळी करते, घड्यात अंडं घालते, आणि तिचं पिल्लू ती ताजी अळी खाऊन मोठं होतं. आठवीच्या मुलांसमोर मी एक जुनं सोडलेलं घरटं फोडलं होतं. आत अळ्यांची वाळलेली कातडी निघाली तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती येतात तेही दोन प्रकारचे असतात. चारही पंख एकाच मापाचे, कंबर जाड, मिशा सरळ, आणि सकाळी जमिनीवर पंखांचा सडा, तर वाळवी. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे, तर मुंग्या. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण तिचं नातं झुरळाशी आहे. गच्चीत वांगी लावणाऱ्यांना एवढंच सांगते की चकचकीत लाल, सात ठिपक्यांचा भुंगेरा पानांवरचा मावा (ही बारीक कीड) खातो, त्याला राहू द्या. मळकट, लव असलेला, पुष्कळ ठिपक्यांचा मात्र पानांची जाळी करतो.

हे लिहीत असताना ग्रुपवर मी विचारलं होतं, माशीचा वरून काढलेला फोटो टाका, पंख नीट दिसले पाहिजेत. आत्ताच आला. बदामच आहे. त्यांना लिहिलंय की स्प्रे ठेवून द्या, जाळी उचला, ब्रश नसेल तर माझ्याकडून घेऊन जा.