ओल्या मातीची राखण

पुण्यातील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमिनीचा एखादा तुकडा महिनाभर उघडा दिसला, की त्यावर तीन सूचना हमखास येतात : फरशी घालावी, दुचाक्या लावाव्यात किंवा अरेका पाम लावावा. आमच्या इमारतीमागे, टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली, असा एक तुकडा आहे. टाकी भरली की तिथे पाणी ठिबकते, दुपारभर आंब्याची सावली असते, आणि त्यामुळे भर वैशाखातही ती माती पुरती वाळत नाही. पुण्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि पलीकडच्या ताम्हिणी घाटाचा ५००० मिलिमीटरच्या वर. तेव्हा घाटातले उंच, दरवर्षी कंदातून नव्याने फुटणारे एखादे झाड पुण्यात वाढवायचे, तर देवाने आणि प्लंबरने मिळून दिलेली हीच काय ती जागा होती. मी तिथे पेव लावायचे ठरवले, आणि तेही बियांपासून.

पेव म्हणजे आले-हळदीच्या नात्यातले झाड. ओढ्याकाठी, झाडांच्या सावलीत ते पुरुषभर, कधी दीड पुरुष उंच वाढते. त्याची पाने खोडाभोवती जुन्या वाड्यातल्या गोल जिन्यासारखी वळत वर जातात आणि शेंड्यावरच्या लालभडक कणसातून पांढरी, चुरगळलेल्या पातळ कागदाची वाटावी अशी फुले एकेक करून उमलतात. कोकणात ते इतके माजते, की चिपळूणकडच्या माझ्या मावसभावाने माझी मागणी ऐकून आधी प्रकृतीची चौकशी केली. "अरे, पऱ्याकाठचं पेव उपटून उपटून कंबर मोडली आमची. बी कसलं मागतोस? कंद ने, पोतंभर ने. गाडीभाडंही मी देतो!" पण कंदातून येणारी सगळी रोपे ही एकाच झाडाची नक्कल असते आणि बियांतून येणारे प्रत्येक रोप निराळे असते, असे मी त्याला समजावले. सौभाग्यवतींनी त्याच फोनवर, मला ऐकू येईल अशा बेताने, "सोपं असलं की ह्यांना ते पटत नाही," असे त्याचे समाधान केले.

दिवाळीनंतर बी आले. पेवाचे लाल बोंड फुटले की आत काळे कुळकुळीत दाणे आणि त्यांना चिकटलेला पांढरा गर असतो. हा गर निसर्गाने पाखरांसाठी ठेवलेला असला, तरी पुण्यातल्या मुंग्यांनाही तो चालतो. राखेत चोळून, धुऊन, सावलीत वाळवून मी ते दाणे कागदाच्या पुडीत ठेवले, आणि तिथूनच तज्ज्ञांची ये-जा सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरील काकांनी, मुलाकडे परदेशात सहा महिने राहून आल्याच्या अधिकाराने, बी दोन महिने फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवल्याखेरीज ते रुजणारच नाही, असे ठणकावून सांगितले. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथल्या कित्येक उंच रानफुलांच्या बियांना अशी ओली थंडी खरोखरच लागते. ती मिळाल्याशिवाय ते बी जागे होत नाही, नाहीतर ऐन बर्फात रोप उगवायचे. पण चिपळूणच्या पऱ्याकाठी आजवर बर्फ पडल्याचे ऐकिवात नाही. आमच्याकडचे बी कोरडा हिवाळा आणि तापलेला उन्हाळा काढते आणि पावसाची वाट पाहते. हे काकांना सांगितल्यावर ते "बघा बुवा," एवढेच म्हणाले; पुण्यात याचा अर्थ "तुमचे वाटोळे होणार हे मी लिहून देतो" असा असतो.

मे महिन्याच्या अखेरीस मी वाफा तयार केला. आमची माती काळी. ओली असताना चपलेला सोडत नाही आणि वाळली की तिला भेगा पडतात. तिच्यात पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि जाड वाळू मिसळून मी तिला वळण लावले. पेवाला ओल हवी, पण बी रुजताना चिखल चालत नाही. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा, असा वाफसा हवा. म्हणजे मातीत पाण्याबरोबर हवाही राहते. तो टिकवण्यात माझा सारा जून गेला, कारण आमच्या संस्थेत भूतदया फार आहे. क्रिकेट खेळून परतणारी मुले, देवळातून येणाऱ्या आजी आणि गाडी धुणारा पोऱ्या, या सर्वांनी आपापले उरलेले पाणी त्या वाफ्यात ओतण्याचे पुण्य जोडले. चिखल झाला की बुरशी लागते आणि उगवलेले कोवळे रोप मानेपाशी कुजून आडवे होते, हे किती जणांना सांगणार? शेवटी मी "येथे बी पेरले आहे. कृपया पाणी घालू नये," अशी पाटी लावली. बी उगवण्याच्या कितीतरी आधी त्या पाटीवर लाल शाईत शुद्धलेखनाची दुरुस्ती उगवली.

पाण्यावर हरकत घेणाराही पक्ष होता. ओल म्हणजे डास आणि डास म्हणजे डेंग्यू, असे समीकरण चिटणिसांनी मांडले. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, ओलसर मातीत नव्हे, आणि संस्थेत पाणी साठलेच असेल तर ते चिटणिसांच्या गॅलरीतल्या मनीप्लांटच्या बाटल्यांत, हे मी अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणून दिले. तेव्हापासून आमचे संबंध लेखी स्वरूपाचे आहेत.

महिना उलटून गेल्यावर, आषाढात, मातीतून पहिली हिरवी टोके निघाली, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. पेवाचे कोवळे रोप आणि पावसाळ्यात फुकट उगवणारा केना, यांत लांबून फरक करता येत नाही. माळीमामांच्या लेखी ते दोन्ही गवतच. तळमजल्यावरच्या काकूंच्या लेखी दोन्ही केनाच, आणि केन्याची भजी उत्तम होतात, यावर त्यांचा गाढ विश्वास. दर शनिवारी माळीमामांच्या खुरप्यापुढे आणि रोज संध्याकाळी काकूंच्या परडीपुढे मी गुडघ्यांवर बसून रोपांची ओळखपरेड घेत असे. पान उलटे करून अंगठ्याने अलगद चोळले, की पेवाच्या पानाखाली रेशमी लव लागते, आणि खोड निरखले तर तिसऱ्या-चौथ्या पानापासून गिरकी दिसू लागते. माळीमामांनीही अंगठा लावून पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "मऊ गवत आहे."

रात्रीचा शत्रू वेगळा. मूळची आफ्रिकेतली मोठी शंखाची गोगलगाय पावसाळ्यात आमच्या कुंपणाच्या भिंतीवर वस्तीला असते आणि अंधार पडला की जेवायला खाली उतरते. एतद्देशीय रोपे तिला विशेष आवडतात. अरेका पामकडे ती ढुंकूनही पाहत नाही, ही गोष्ट संस्थेच्या बैठकीत माझ्याविरुद्ध वापरण्यात आली. मी रात्री बॅटरी आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन गोगलगायी वेचू लागलो. रखवालदाराने पहिल्या रात्री विचारले, "काका, काही हरवलंय का?" मी खरे ते सांगितले. तो काही बोलला नाही, पण सकाळी फाटकावरच्या वहीत "रात्री ११ : बी विंगचे काका गोगलगायी शोधत होते. विचारले असता कबूल केले," अशी नोंद सापडली.

वाफ्याच्या वरच्या, निचऱ्याच्या कडेला मी थोडे कारवीचे, म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरल्या झुडपाचे, बीही टाकले होते. फुले कधी येतील, असे वार्षिक सभेत विचारले गेले. कारवी सात वर्षांनी फुलते, असे मी म्हणालो. व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची. त्यामुळे ज्या फुलांचे श्रेय पुढच्या समितीला जाणार, त्यांना मंजुरी देण्यात कोणालाच रस दिसेना. "आणि फुलल्यानंतर?" अध्यक्षांनी विचारले. फुलल्यानंतर ती मरते, हे सांगणे भाग होते. सभेत शांतता पसरली. तोवर इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल, असे कोणीतरी मागून म्हणाले आणि विषय सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला.

पहिल्या वर्षी पेव वीतभर झाले आणि मार्गशीर्षात पिवळे पडून वाळून गेले. झाड जमिनीखाली कंद करून झोपले आहे, हे मी सांगत राहिलो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत राहिले. चिटणिसांनी तर "झाले ते झाले" अशी सुरुवात करून अरेका पामचे दरपत्रकच आणले. त्या उघड्या मातीवर दुचाक्या लागू नयेत, म्हणून मी उन्हाळाभर तिथे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो. वळवाच्या सरींनंतर बोटभर जाड कोंब वर आले. त्या वर्षी ते कमरेइतके झाले आणि तिसऱ्या वर्षी कुंपणाच्या भिंतीच्या वर गेले. भाद्रपदात कणसे लाल झाली, फुले आली, आणि मागोमाग तक्रारीही आल्या : कॅमेऱ्याला फाटक दिसत नाही, साप येतील, आणि मुख्य म्हणजे, परवानगी कितीची होती?

दिवाळीत मात्र दुसऱ्या मजल्यावरील काका स्वतः वाफ्यापाशी आले. लाल कणसांकडे बराच वेळ पाहून त्यांनी नातवाच्या बंगल्यासाठी एक कंद मागितला. कंद काढण्याची वेळ पावसाळ्याच्या तोंडाशी असते, आता खणले तर झाड दुखावेल, असे सांगून मी एक पिकले बोंड तोडले, त्यातले दाणे राखेत चोळून पुडी बांधली आणि त्यांच्या हातावर ठेवली. काकूंकडून कळते, की ती सध्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे आहे.